ताट बदलायचे असेल तर आधी वाल भिजवा

वर्षावास सुरू झाला की आपल्या अनेक घरांत मांस-मच्छी बंद होते. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालते आणि घरात सुकटीचा डबा वरच्या फळीवर जातो. यात नवीन काही नाही. पण कर्जत, नेरळ, चौक, खोपोली या बाजूच्या वस्त्यांत फिरताना आम्हाला अलीकडे एक वेगळी गोष्ट ऐकू येते. घरातला एकजण, बहुतेक वेळा नवरा, कधी नवी सून, कधी कॉलेजला जाणारा मुलगा, जाहीर करतो की मांस, मच्छी, अंडे तर सोडलेच, आता दूध, दही, तूपसुद्धा नको. कोणी विपश्यनेचे दहा दिवस करून आलेला असतो, कोणी मोबाईलवर गोठ्यांचे व्हिडिओ पाहिलेले असतात, कोणाला साखर आणि बीपीसाठी कोणीतरी सांगितलेले असते. आणि आपल्या ज्या बायका कर्जतच्या फार्महाऊसवर स्वयंपाकाला जातात त्यांना तर हा शब्द पाहुण्यांच्या तोंडून सारखा ऐकावा लागतो: व्हीगन.

शब्द इंग्लंडमधला, १९४४ सालचा. जनावरापासून आलेले काहीच खायचे नाही, इतकाच त्याचा अर्थ. तिथे त्याची दुकाने, पुस्तके, डॉक्टर सगळे आहे. आपल्याकडे त्याचा भार एकाच माणसावर येतो, आणि तो माणूस म्हणजे चुलीपुढची बाई. तिला विचारून हा निर्णय झालेला नसतो. परवापर्यंत जो माणूस जवळा नसला तर ताटावरून उठायचा, त्याच्यासाठी आता वेगळे कालवण, मुलांसाठी वेगळे, सासूसाठी तिसरे. आठवडाभर ती बटाट्याची भाजी आणि वरण करते. मग तोच म्हणतो, अंगात ताकद वाटत नाही.

आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. स्वतःच्या ताटात काय असावे हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे, आणि कोणी करुणेपोटी दूध-मांस सोडत असेल तर त्याची थट्टा करू नये. पण तो निर्णय त्याच्या ताटापुरता. तो घरातल्या गरोदर बाईच्या, दूध पाजणाऱ्या आईच्या आणि वाढत्या मुलांच्या ताटावर लादायचा नाही. आणि ज्याने निर्णय घेतला त्याने वाल सोलायला बसायचे.

धम्माचे नाव घेऊन जबरदस्ती होते तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. भिक्खूंनी आयुष्यभर मांस-मच्छी खाऊ नये असा नियम करा, ही मागणी तथागतांपुढे देवदत्ताने केली होती, आणि तथागतांनी ती मान्य केली नाही. आपल्यासाठी मुद्दाम मारलेले पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला तर ते घेऊ नये, एवढीच मर्यादा त्यांनी ठेवली. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, दारू न पिण्याचीही आहे. मांस न खाण्याची नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी अहिंसेबद्दल गरज म्हणून मारणे आणि हौस म्हणून मारणे यात फरक केला आहे, तो भाग या वर्षावासात मंडळींनी सावकाश वाचावा. बायको-मुलांची अंडी बंद करून स्वतःची संध्याकाळची बाटली चालू ठेवणारे काही उपासक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट भांड्यांची. दोन-तीन घरांत आम्हाला दिसले की दूध-मांस सोडलेल्या माणसाने आपले ताट, तांब्या, पातेले वेगळे करून घेतले आहे. घरच्यांनी त्याला हात लावायचा नाही. हे ताबडतोब थांबवा. वेगळे भांडे म्हणजे काय हे आपल्या आजी-आजोबांना विचारा. याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली माणसे ओंजळभर पाण्यासाठी तळ्यावर चालत गेली, ती वेगळे भांडे, वेगळा पाणवठा मोडण्यासाठी. अस्पृश्यतेच्या मुळाशी गोमांस खाण्याचा प्रश्न कसा होता हे बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात मांडले. खाण्यावरून माणूस वरचा-खालचा ठरवणे ही आपल्याला बाहेरून मिळालेली जखम आहे, ती आपल्याच स्वयंपाकघरात उघडायची नाही. साबण आणि राख लावून घासलेले पातेले स्वच्छ असते. त्यात काल सुकट होती म्हणून आजच्या वालाला काही होत नाही.

आता स्वयंपाकाकडे येऊ. बाईचे हाल दोन चुली कराव्या लागतात म्हणून होतात. आम्ही सांगतो ती पद्धत साधी आहे: कालवण एकच, सगळ्यांचे, बिनदुधाचे आणि बिनमांसाचे. ज्याला वर अंडे, सुकट, दही पाहिजे त्याने ते आपल्या ताटात घ्यायचे. म्हणजे चूल एक, ताटे दोन तऱ्हेची. आपले जुने जेवण पाहिले तर हे फारसे अवघडही नाही. भाकरी, भात, वालाचे बिरडे, आमटी, ठेचा, रानभाज्या, सोलकढी यात दूध कुठे होते? तूप-लोणी तर आपल्या घरांत कधी फार नव्हतेच. मराठवाड्यातल्या दलित घरांच्या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिले. आपल्या कर्जत-खालापूरच्या घरांचे असे पुस्तक कोणी लिहिले तर त्यात वालाला पहिले पान द्यावे लागेल.

भात कापून झाला की त्याच शेताच्या उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. पाणी नको, फार खत नको. थंडीत कोवळ्या शेंगांची पोपटी लागते आणि पुढे वाळलेले कडवे वाल वर्षभर डब्यात राहतात. शंभर ग्रॅम वाळलेल्या कडधान्यात वीस ते चोवीस ग्रॅम प्रथिने असतात, वालही त्यातलाच. म्हणून दूध-मांस सोडलेल्या माणसासाठी या भागात सगळ्यात आधी काय आणावे, तर वाल.

दोन माणसांना एक वाटी वाल पुरतात. रात्री भरपूर पाण्यात भिजवा, सकाळी ते पाणी फेकून द्या, वाल फडक्यात बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून साले काढा. तेलात लसूण, हिंग आणि कांदा चांगला लाल होऊ द्या, हळद, तिखट, मग सोललेल्या डाळिंब्या, वर गरम पाणी. मऊ शिजल्यावरच दोन आमसुले आणि गुळाचा खडा टाका. आंबट आधी टाकले तर दाणे शिजायला वेळ लावतात आणि गॅस जातो. नारळ महाग असेल तर दोन चमचे शेंगदाण्याचे कूट घाला, रस्सा दाट होतो आणि प्रथिनेही वाढतात. वाळलेले वाल कच्चे किंवा अर्धवट शिजवलेले खाऊ नयेत, पोट बिघडते. भिजवणे, पाणी टाकणे आणि नीट शिजवणे या तिन्हींची गरज आहे.

नवीन माणसाची पहिली तक्रार चवीची असते. त्याला मांसाची नाही, वासाची आठवण येते: भाजलेल्या सुकटीचा, जाळावरच्या बोंबलाचा. त्याला उपदेश करून उपयोग नाही. लसणाच्या पाकळ्या सालासकट तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा, सुकी मिरची भाजा, दोन्ही मिठाबरोबर पाट्यावर ठेचा. वांगे निखाऱ्यावर भाजून त्यात हा ठेचा आणि शेंगदाण्याचे कूट मिसळा. नाचणीच्या भाकरीबरोबर हे दिले की पहिले पंधरा दिवस निभावतात. एप्रिल-मे मध्ये कोवळा फणस येतो. त्याची कांदा-खोबऱ्याच्या वाटणातली भाजी मटणाच्या रश्श्याच्या जवळ जाते, पण लक्षात ठेवा, फणसात प्रथिने थोडीच. चव मटणाची, बळ भाजीचे. म्हणून त्यात मूठभर वाल किंवा हरभरे टाकावेत.

कंपनीत पाळीला जाणाऱ्यांसाठी सोयाबीनच्या वड्या उपयोगी. शंभर ग्रॅम सुक्या वड्यांत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. एक छोटी वाटी वड्या गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून पिळून घ्या, ते पाणी टाका, म्हणजे उग्र वास जातो. मग कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात परता. डब्यात गळत नाही, चपातीबरोबर खाता येते. पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणाऱ्यांनी हीच भाजी न्यावी. नाहीतर काय होते ते आम्ही पाहतो. कर्जत स्टेशनात घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने लागतात, तेवढ्या वेळात वडेवाल्यांचा धंदा वाढला. बटाटावडा तसा व्हीगनच आहे. पण सकाळी वडापाव, दुपारी वडापाव आणि मध्ये बिस्किटे, अशाने दूध-मांस सुटते आणि त्याबरोबर जेवणही सुटते. तेल, मैदा आणि मीठ यावर माणूस उभा राहत नाही, साखरेचा रुग्ण तर नाहीच.

साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. तांदूळ-नाचणी-गहू मिळून तीनशे ग्रॅम खाल्ले तर वीस-बावीस ग्रॅम, पन्नास ग्रॅम वाल किंवा डाळीतून अकरा-बारा, मूठभर म्हणजे चाळीस ग्रॅम शेंगदाण्यातून दहा, आणि छोट्या वाटीभर सोयाबीनच्या वड्यांतून सात-आठ. झाले. पण यातले एकही वगळले की हिशेब कोसळतो. रेशनवर आपल्याला माणशी पाच किलो धान्य मिळते, डाळ नियमित मिळत नाही. म्हणजे या ताटातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आपल्याला विकत आणावा लागतो. ज्या घरात महिन्याच्या शेवटी डाळ पातळ होत जाते त्या घरात दूध-अंडी सोडण्याआधी चार वेळा विचार करा. बदामाचे दूध आणि ओटचे दूध यांच्या मागे तर लागूच नका. एका खोक्यात मजुरीचा मोठा भाग जातो, त्याच पैशात कितीतरी शेंगदाणे येतात.

दुधाबरोबर जाते ते कॅल्शियम. इथे नाचणी कामाला येते, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. तिळाची चटणी रोज एक चमचा ठेवा. आपल्या डोंगरउतारावरची नाचणी आता कमी झाली, तरी कर्जत-नेरळच्या बाजारात मिळते. जवळ्यात, सुकटीत कॅल्शियम भरपूर असते. ते सोडणाऱ्याने नाचणी न खाणे म्हणजे दोन्हीकडून तोटा. समुद्राचे मासे सोडले की आयोडीनही कमी होते, म्हणून मीठ आयोडीनचेच हवे, खडे मीठ स्वस्त पडते म्हणून ते नको.

पावसाळ्यात ठाकर आणि कातकरी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, शेवळे घेऊन बसतात. त्यांच्याकडून घ्या, आणि घासाघीस करू नका. शेवळे करताना काकडे किंवा चिंच घालायची असते, नाहीतर घसा खवखवतो. ज्याला माहीत नाही त्याने विकणारीलाच विचारावे, ती नीट सांगते. अळंबी मात्र ओळखीची असल्याशिवाय घेऊ नये. पालेभाज्यांतले लोह अंगी लागायचे असेल तर वर लिंबू पिळा किंवा कच्चा कांदा-टोमॅटो बरोबर खा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा जेवणातले लोह अडवतो, तासभर थांबावे. चहावरच बहुतेकांचे व्रत मोडते, हेही खरे. आले आणि परसातला गवती चहा घालून कोरा चहा करा. आठ दिवस तोंड वाकडे होते, मग जमते.

आता सगळ्यात गंभीर बाब. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच येते. ते लागते अगदी थोडे, दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण ते नसेल तर रक्त कमी होते आणि मज्जातंतू खराब होतात. तळपायाला मुंग्या, पायाखाली जमीन नीट न कळणे, जीभ लाल गुळगुळीत होणे, विसराळूपणा, चिडचिड. हे हळूहळू येते, कधी दोन-तीन वर्षांनी, म्हणून कोणाला त्याचा खाण्याशी संबंध लागत नाही. आमच्यातल्या ज्यांनी दवाखान्यात वर्षे काढली त्यांनी असे रुग्ण पाहिले आहेत. बाहेरची बाधा समजून महिनोन्‌महिने इकडेतिकडे फिरवलेले.

इथे एक गैरसमज आहे. उपकेंद्रावरून मिळणाऱ्या लाल गोळ्यांत लोह आणि फॉलिक ॲसिड असते, बी-१२ नसते. फॉलिक ॲसिडने रक्ताचा अहवाल थोडा बरा दिसू लागतो आणि आतून नसांचे नुकसान चालूच राहते. साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ आधीच कमी होत असते. अशा माणसाने दूध-मांस सोडले तर धोका दुप्पट समजा. रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांपासून जे पोषक दाणे मिसळलेले येतात त्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असते. प्लास्टिकचा तांदूळ म्हणून बायका ते दाणे निवडून फेकतात. फेकू नका, ते तांदळाच्याच पिठाचे असतात. मात्र त्यांच्यावर विसंबूनही चालणार नाही, एका किलो तांदळात बी-१२ सुमारे एक मायक्रोग्रॅमच असते. ताडीतून, पालेभाजीतून, मातीतून, देशी खतातून बी-१२ मिळते असे सांगणारे व्हिडिओ पाहून फसू नका.

म्हणजे ज्याने सगळे सोडले त्याने बी-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे, कायमची. हा धम्माचा किंवा श्रद्धेचा प्रश्न नाही. ही गोळी जंतूंपासून तयार करतात, जनावरापासून नाही, म्हणून व्रतालाही अडचण नाही. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असू शकते, तेवढे औषधवाल्याला विचारा. किती ताकदीची आणि किती दिवसांनी हे डॉक्टर ठरवतील. आधी रक्त तपासून घेतले तर उत्तम. मुंग्या सुरू झाल्या असतील तर गोळीवर थांबू नका, इंजेक्शन लागू शकते, आठवड्याच्या आत दाखवा.

आणि गरोदर बाई, दूध पाजणारी आई, दोन-तीन वर्षांचे मूल. पुस्तकात लिहिलेले असते की नीट आखणी केली तर यांनाही हा आहार चालतो. आखणी म्हणजे आहारतज्ज्ञ, तपासण्या, गोळ्या आणि वर्षभर पुरेशी डाळ. आपल्या वस्तीत यातले किती आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ ला महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५४.२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. निम्म्याहून जास्त. या बाईच्या ताटातून अंडे काढून घेण्याला आम्ही करुणा म्हणणार नाही. आईच्या अंगात बी-१२ नसेल तर पाजणाऱ्या बाळाला ते मिळत नाही, बाळ मान धरत नाही, हसत नाही, मागे पडते. नवऱ्याने ठरवले म्हणून बायकोनेही सोडले, अशा घरात आम्ही पहिला प्रश्न तिला एकटीला गाठून विचारतो: ताई, तुम्हाला स्वतःला सोडायचे होते का? बऱ्याच जणी आधी दाराकडे बघतात.

ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांनी सोडणे आणि ज्यांना कधी पुरेसे मिळाले नाही त्यांना सोडायला लावणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१५ साली राज्यात बैल-वळूच्या कत्तलीवर बंदी आली तेव्हा गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले, त्या जागी डाळ कोणी दिली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले, ज्याला नको त्याला केळे. मुलांना ते आवडत होते. २०२५ च्या जानेवारीत अंड्यांसाठीचा सरकारी पैसा थांबला, हवे तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गणी कोण देणार? पालक सभेत आपण हा विषय काढला पाहिजे, आणि ज्यांनी स्वतः अंडे सोडले आहे अशा उपासकांनी तर पहिले उभे राहून मागितले पाहिजे. आपण खात नाही म्हणून दुसऱ्याच्या लेकराचे अंडे जावे, असे त्यांनाही वाटत नसणार.

या वर्षावासात ज्या घरात कोणी दूध-मांस सोडले असेल तिथे एवढे करून पाहा. भिंतीवर आठवडा लिहा: दोन दिवस वाल, एक दिवस सोयाबीनच्या वड्या, एक दिवस चवळी किंवा मूग, बाकी तूर-मसूर, आणि रोज शेंगदाणे. नाचणी दिवसातून एकदा. बी-१२ च्या गोळीचा वार ठरवून तोही तिथेच लिहा. वाल भिजवण्याची पाळी सोडणाऱ्याची, सोलण्याची दोघांची. एक वाटी वाल सोलायला एकटीला पाऊण तास लागतो, दोघे बसले तर वीस-पंचवीस मिनिटे.